भिंतीपलीकडचा लूम

मोठ्यानं बोला मॅडम, भिंतीपलीकडं कापडाचे चाळीस लूम चालू हायेत, इथं हळू बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाय — हां, आता आलं. देवेशनं पाठवलंय तुम्हाला. रविवारी ठाण्याला शो हाय, सुश्रुतच्या मनगटाला प्लास्टर हाय, आणि ‘धोटा’ बँडला ड्रमर पाहिजे. म्हणून आठवण आली भूपेशची! अडीच वर्षांनी! बसा ना — न्हाय न्हाय, त्या स्टुलावर न्हाय, ते ड्रमचं हाय, खुर्ची घ्या.

अल्बम? ऐकला की. एकदाच, तोपण अर्धा. खोटं कशाला बोलू, बेकार हाय. थ्रॅश मेटल बोलता ना तुम्ही त्याला — अहो, थ्रॅश ऐकून दुसऱ्या दिवशी माणसाची मान दुखली पाहिजे, आणि हा अल्बम लावून माझी आई निवांत पापड लाटेल. नऊ गाणी, नऊच्या नऊ धुवून इस्त्री केलेली. देवेश ओरडतोय ‘धूळ खातो, सूत ओकतो’, आणि आवाजात ए.सी.ची हवा. ड्रमचं तर विचारूच नका. सहाव्या गाण्यात, दोन मिनिटं अकरा सेकंदाला ब्रेक येतो ना, तिथं दोन्ही पाय तुटेपर्यंत मारायला पाहिजे — आणि हा भाऊ तिथं थांबतो. श्वास घेतो! आणि आठव्यात, शेवटच्या कडव्याला… काय? अर्धाच ऐकला बोललो मी? मग ऐकला असेल पूर्ण. चार-पाच वेळा. बरं बाबा, रोज ऐकतो, मानकोलीच्या गोडाउनला जाताना गाडीत, आणि येताना पण. बेकार हाय ते नीट बघायला नको?

लोकपण तेच लिहितात ना, मजा नाय आली म्हणून? तुम्हीच मान हलवताय बघा. आणि देवेश काय बोलला, ते परत सांगा. भूपेश असता तर अल्बम उभा राहिला असता — असं बोलला? स्वतःच्या तोंडानं? सुश्रुत समोर होता? न्हाय… समोर पाहिजे होता.

जळतो का मी? जळतो. तोंडावर सांगतो, जळतो. प्रोफेसरचा मुलगा, वहीत मात्रा मोजून लिहिणारा, त्याला ड्रमवर बसायला या खोलीत मी शिकवलं, ह्याच स्टुलावर. आता टी-शर्टवर त्याचा फोटो. बँडचं नाव मी ठेवलेलं, लूमचा धोटा कसा इकडून तिकडं धडकतो, त्याच्यावरनं — आणि अल्बमच्या मागं बारीक अक्षरात आभार छापलेत, बघितलेत? स्टुडिओचा चहावाला, टेम्पोवाला, आणि मग भूपेश. चहावाल्याच्या खाली!

खोली बाबांची. सात वर्षं वाजवलं इथं, एक शेजारी तक्रार घेऊन आला न्हाय — येणार कोण, या आवाजात आमचा आवाज कळणार कुणाला? आणि काय टायमिंग होतं माझं! तो भिंतीला लागून पहिला लूम हाय ना, त्याचा ठोका जमिनीतनं स्टुलात येतो, स्टुलातनं कंबरेत. मोटरवर चालतो, एक ठोका मागं न्हाय, एक पुढं न्हाय. त्याच्यावर बसून वाजवायचं, बास. देवेश बोलायचा, भूपेश म्हणजे मशीन हाय. शुक्रवारी लूमना सुट्टी, मग आपलीपण सुट्टी — नियम माझाच. एकदा देवेश बोलला, शुक्रवारी बसू, शांत असतं, नीट ऐकू येईल. मी बोललो, ताप हाय.

आणि बँड मी सोडला. मला कुणी काढलं न्हाय, सगळ्यांना सांगा. गोडाउनचं काम वाढलं, बाबांना आता झेपत न्हाय… गेलो होतो ना अंधेरीच्या स्टुडिओत, रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी. तुम्ही गेलाय त्या खोलीत? चारी भिंतींना गाद्या. दार लावलं की स्वतःची थुंकी गिळलेली ऐकू येते. कानात टिकटिक लावून दिली, बोलले ह्याच्यावर वाजव. कानात येऊन काय करू मी तिला — कंबरेत यायला पाहिजे ना? चौदा वेळा घेतलं, एकच गाणं. मी पुढं पळतो, थांबतो, तर ती पुढं. काचेपलीकडं देवेश मान खाली घालून बसलेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पंधराव्यांदा सुश्रुत बसला. एका दमात वाजवलं त्यानं. एक ठोका इकडचा तिकडं न्हाय. बेकार वाजवलं हो, जीवच न्हाय त्यात, पण — बरोबर वाजवलं.

हे देवेशजवळ काढू नका. त्याला मी ताप होता म्हणून सांगितलंय, त्यानं मानलं.

रविवारी? येतो की! का न्हाय येणार? नऊच्या नऊ गाणी हातापायात हायेत माझ्या. ऐकायचंय? सहावं गाणं घेतो, तो ब्रेक मी कसा मारतो बघा, आणि मग जाऊन सांगा देवेशला, सुश्रुत कोण आणि भूपेश कोण. सरका जरा. एक, दोन, ती—

लाइट गेली.

येईल… येईल आता. चाळीसच्या चाळीस लूम थांबले, किती शांत झालं न्हाय? तुमच्या बांगडीचा आवाज आला. ओरडू नका मॅडम, ऐकू येतंय मला. काय बोललात?

ड्रमला कुठं लाइट लागते. हो. बरोबर हाय तुमचं. उजेडपण हाय खिडकीतनं.

न्हाय मॅडम. ठेवल्या स्टिका. पर्स घ्या तुमची, जिना उतरताना तिसरी पायरी बघून उतरा. देवेशला सांगा, भूपेशला जमत न्हाय रविवारी. कारण विचारलं तर… सांगा, ताप हाय. निघा तुम्ही.