विहिरीपाशी अडकणारी डिस्क

"पार्सल तिने उघडलं तर? म्हणेल, सासू भुताचे सिनेमे बघते."

सासूबाईंची ही कुजबुज मला आत स्वयंपाकघरात ऐकू आली. बोरीवलीच्या वन बीएचकेत कुजबुज करायची तरी कुठे?

नवरा म्हणाला, "अगं आई, त्याच सिनेमाची स्पेशल एडिशन मागवूया. आपली डिस्क दर वेळी विहिरीपाशी अडकते."

"अडकते तिथे मी सांगते ना."

मी दारात आले तेव्हा डिस्क अडकलीच होती. पडद्यावर विहिरीत वाकलेली बाई तशीच थिजलेली. आणि एरवी भाजीवाल्याशीही हळू बोलणाऱ्या सासूबाई घुमत्या आवाजात, मालवणीत पुढची गोष्ट सांगत होत्या, "खालसून तिचोच आवाज इलो... वाईच थांब, मी वर येतंय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात दोघांनी वळून पाहिलं.

"नवी नका मागवू," मी म्हटलं. "तिच्यात आई नसतील."