उलट्या पिळाची वायर

नाही, ती वायर मी परत जोडणार नाही. दोनदा सांगून झालं, आता तिसऱ्यांदा सांगते — जोडणार नाही. पंखा ओरडतोय ते मलाही ऐकू येतंय, बहिरी नाही मी. काल आणली तेव्हा गाडी शांत होती आणि मी हात लावला तशी विमानासारखी गरजायला लागली, हेच म्हणायचंय ना तुम्हाला? बरोबर आहे. मीच हात लावला, मीच वायर कापली, आणि कापली म्हणून तुमच्या इंजिनाला किती वर्षांनी पुरता वारा मिळाला देव जाणे. किल्ली फिरवा, बंद करा ती आधी, म्हणजे नीट बोलता येईल. हां. बसा त्या स्टुलावर. बसा हो, डाग जुना आहे, कपड्याला लागत नाही.

आता ऐका, कारण तुम्ही रागावलात आणि मीही रागावलेय, आणि दोघांनी रागावून पंखा काही ऐकायचा नाही. तुमची ही घरगाडी — पुढं तुम्ही स्टिअरिंगवर, मध्ये ओटा आणि बेसिन, मागं तुमच्या आईंचा पलंग, आणि त्या पलंगाखाली डिझेल इंजिन. समोरचा वारा मागं पोचत नाही, म्हणून रेडिएटरवर हा एवढा थोरला पंखा, तेलाच्या दाबावर फिरणारा. पाण्यात एक सेन्सर असतो, करंगळीएवढा, तो पाणी किती तापलंय ते सांगतो. आणि हा डबा, कंट्रोलर, तो पंख्याला हळू फिर नाहीतर जोरात फिर म्हणून सांगतो. कसा सांगतो? पंख्याचं तेल कमीजास्त सोडणाऱ्या वॉल्व्हच्या कॉइलला करंट देऊन. करंट दिला की पंखा हळू, काढून घेतला की जोरात. उलटं वाटतं ना? सगळ्यांना वाटतं. पण ज्यानं बनवलं तो शहाणा होता — वायर तुटो, सेन्सर मरो, काहीही बिघडलं तरी पंखा थांबता कामा नये, पूर्ण वेगानं फिरावा. माणसाचे कान किटले तर किटले, इंजिन जळू नये. तुमचा सेन्सर मेलाय. कधीच मेलाय. तेव्हा पंखा असाच गरजला असणार, आणि सेन्सर बदलायच्या ऐवजी कुणीतरी दुसरीकडून करंट ओढून थेट कॉइलला दिला — झाला पंखा कायमचा हळू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सपाट रस्त्यावर खपून जातं, चढ लागला की काटा लाल. आणि तुम्ही काय काय केलंत — थर्मोस्टॅट बदललात, पाण्याचा पंप बदललात, अख्खा रेडिएटर उतरवून धुऊन आणलात. रोग रेड्याला, औषध पखालीला. आणि आता खरा रोग सापडला तर म्हणता, असू दे ताई, तीच वायर लावा, आम्ही सपाट रस्त्यानंच जाऊ, आईला आवाज सहन होत नाही. आईला आवाज सहन होत नाही — हे वाक्य माझ्यापुढं पुन्हा बोलू नका. सेन्सर परवा येतोय. दोन दिवस आईंना त्या समोरच्या लॉजवर ठेवा, खोल्या स्वच्छ आहेत, मालकीण माझ्या ओळखीची आहे.

कोण गाढव होता म्हणजे? मला काय माहीत कोण होता. आणि गाढव कशावरून? म्हणजे — चूक ती चूकच, मी कुठं नाही म्हणतेय, पण तोंडाला येईल ते बोलायचं म्हणजे — अडला असेल कुणीतरी. कुणी गयावया केली असेल समोर उभं राहून, जशी तुम्ही करताय. शिवी द्यायला काय जातं. आमच्या घरात त्या माणसाला रोज शिव्या पडतात, नऊ वर्षं पडतायत, जेवताना पडतात, मला पाठ झाल्यात, तुमची एक आणखी कशाला.

आमचे हे देतात. सकाळी तुमच्या इंजिनात हात घालून बसले होते ना, काळा चष्मावाले, ते. तुम्ही चार पावलं मागं सरकलात, मी बघितलं. दिसत नाही त्यांना. पण दिसत नाही म्हणून समजत नाही असं नाही — होसवर तळवा ठेवला की पाणी खेळतंय की तुंबलंय ते सांगतात, आवाजावरून बेअरिंग सांगतात. गॅरेज त्यांचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नव्हता. त्यांच्याच हाताखाली शिकले. शिकले, पण गिऱ्हाईक कधी मला विचारायचं नाही. मी गाडीखाली असायची आणि लोक माझ्या पायांना विचारायचे, मेकॅनिक कुठंय? माझ्या पायांना. हे पार्ट आणायला गेले की लोक बाकावर बसून राहायचे, तासन्‌तास, पण मला किल्ली द्यायचे नाहीत.

तर नऊ वर्षांपूर्वी, ह्यांचे डोळे शाबूत होते तेव्हा, एक मास्तर आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, असलीच घरगाडी घेतलेली, बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणाले जग दाखवतो हिला, निजल्या निजल्या खिडकीतून बघेल. पंखा असाच गरजत होता, थेट तिच्या पलंगाखाली. ह्यांनी बघितलं, म्हणाले सेन्सर गेलाय, आणतो, तीन दिवस थांबा. आणि गेले शहरात. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्यापुढं आले. वहिनी, म्हणाले, तिला आवाज सहन होत नाही हो, रात्रभर रडली. तुम्हाला काही येत असेल तर बघा. येत असेल तर. मला काय येत नव्हतं? मला सगळं येत होतं. कॉइलला करंट दिला की पंखा हळू, एवढं मला झोपेत येत होतं. वीस मिनिटं लागली. पंखा गप्प झाला आणि ती बाई पलंगावरून माझ्याकडं बघून हसली, आणि मास्तर म्हणाले, वहिनी, तुमच्या हातात जादू आहे. मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं तसं. सेन्सर येईपर्यंतच ठेवायची होती ती वायर, पण मास्तर त्याच दुपारी निघून गेले — बरं चाललंय म्हणाले, आता कशाला थांबू. मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं. हे परत आल्यावर म्हटलं, सेन्सरचा कनेक्टर गंजला होता, मी घासून बसवला, आवाज गेला. ते खूष झाले. चार लोकांत सांगत सुटले, कनेक्टर माझ्याही ध्यानात आला नाही, हिच्या आला. मग त्या महिन्यात मास्तरांचं ऐकून आणखी दोघं आले, ह्यांची पाठ असताना त्यांनाही —

हो. मीच. आता कळलं ना? मग थांबा, पुरतं ऐका, अर्धवट ऐकून जाऊ नका.

पुढच्या महिन्यात मास्तरांचा फोन. मुलखाला वळसा घालून परत येत होते, गावाबाहेरच्या चढावर गाडी उकळली होती. हे हत्यारांची पेटी घेऊन गेले, मी मागोमाग पाण्याचे कॅन घेऊन. ह्यांचा शिरस्ता ठरलेला — इंजिन बंद, रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, तासभर बसायचं. पण मास्तरांना धीर निघेना. आत बायको उकाड्यानं कासावीस. हे मागं वळून माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात मास्तरांनी फडकं घेतलं आणि झाकण फिरवायला लागले. ह्यांनी बघितलं, धावले, त्यांना खांद्याला धरून बाजूला ढकललं — आणि झाकण उडालं. मास्तरांच्या मनगटावर एक फोड आला फक्त. ह्यांचं तोंड समोर होतं.

त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि मी काय केलं सांगू? रिक्षा करून परत त्या चढावर गेले. गाडी तिथंच उभी होती. वायर उपसून काढली आणि नाल्यात टाकली. नवरा तिकडं डोळ्यांवर पट्ट्या घेऊन पडलेला आणि बायको वायर उपसतेय. दुसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, का उकळली गं ती? कनेक्टर तर तू बसवलास, पाणी तापलं की पंखा जोरात फिरायला हवा होता, मग उकळली कशी? मी म्हटलं, मी काल बघून आले, आधीच्या कुठल्या तरी गॅरेजवाल्यानं कॉइलला थेट करंट दिला होता, आत दडवून. झालं. त्या दिवसापासून तो गॅरेजवाला आमच्या घरात राहायला आला. मी जन्माला घातला त्याला. पोरंबाळं झाली नाहीत आम्हाला, तो तेवढा झाला. हे त्याला शिव्या देतात आणि मी भाकरी वाढते. हात सडोत त्याचे, म्हणतात, आणि ताट माझ्याच हातातून घेतात.

मागून आलेल्या दोघांपैकी एकाला फोन करून बोलावलं, वायर काढून सेन्सर बसवून दिला. दुसऱ्यानं गाडी विकली होती. नंबर लागेना, पत्ता लागेना. नऊ वर्षं असली गाडी दारात आली की मी आधी वाकून मागं बघते. काल मी बाजारात होते. परत आले तर तुमची गाडी आत लागलेली आणि हे पाने काढून बसलेले. सकाळी हात घातलाच त्यांनी. मी डावखुरी आहे, दादा. वायरीला वायर पिळून जोडली की सगळ्या जगाचा पीळ एकीकडं आणि माझा दुसरीकडं. गॅरेजमध्ये त्यावरून चेष्टा चालायची, बाईंचा पीळ उलटा. ह्यांची बोटं तिथं थांबली. मी बघत होते. टेप सोलली, पीळ चाचपला, एकदा, दोनदा. मग विचारलं, गाडीचा रंग कोणता गं? म्हटलं, पांढरा, खाली किरमिजी पट्टा. ती विकलेली गाडी हीच, तेव्हा ह्यांनी दारात बघितलेली. नऊ वर्षं खोटं खपवलं आणि रंगापाशी जीभ वळली नाही. हं, म्हणाले. हात पुसले, आणि आत जाऊन बसले. तेव्हापासून एक शब्द नाही. मी ह्यांना म्हणते, अहो, बोला ना काहीतरी — ताट भिरकावून द्या, मुस्काटात मारा, त्या गॅरेजवाल्याच्या नावानं दिलेल्या सगळ्या शिव्या माझ्या नावानं द्या. नुसते बसलेत. आणि इकडं तुम्ही मला म्हणताय, तीच वायर जोडा.

काय? काय विचारलंत?

नाही, परत म्हणा.

वायर आधीपासून होती तर मास्तरांचा पंखा गरजत कसा होता.

बरोबर आहे. वायर आधीची असती तर पंखा पहिल्यापासून गप्प असता. मास्तर इथं आलेच नसते. कनेक्टर घासून काही झालंच नसतं. तुम्ही — तुम्ही काय करता म्हणालात? कापडाचं दुकान. कापडाचं दुकान चालवता तुम्ही, तासाभरापूर्वी तुम्हाला कॉइल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तुम्हाला हा प्रश्न पडला. आणि हे — तीस वर्षं ह्याच कामात — तळवा ठेवून रोग सांगणारा माणूस — मास्तरांचा पंखा स्वतःच्या कानांनी ऐकलेला — ह्यांना पडला नाही? नऊ वर्षांत एकदाही? पडला असणार. पहिल्याच दिवशी पडला असणार, दवाखान्यातच. मी वायरीचं सांगितलं तेव्हा तोंड भिंतीकडं फिरवलं, मला वाटलं, दुखतंय. मग मला विचारलं, तू जेवलीस का?

म्हणजे सगळं माहीत होतं, आणि तरी रोज माझ्यासमोर त्या माणसाला — मला ऐकवत होते? की मला वाचवत होते? शिव्या द्यायला दुसरं कुणी मिळालं म्हणून बायकोला द्याव्या लागल्या नाहीत, असं? की मी कधी आपण होऊन सांगते त्याची वाट बघत होते, रोज, एकेका घासाला? मग सकाळी तो रंग कशाला विचारला? माझी जीभ वळते का ते बघायला? काय माणूस आहे हा. नऊ वर्षं मी एकटीनं ओझं वाहतेय असं समजत होते, आणि दुसरं टोक ह्यांच्या हातात होतं. सांगायचं नाही? एकदा तरी सांगायचं नाही?

नाही, पाणी नको मला. उठा तुम्ही. उठा आता, आईंना घेऊन लॉजवर जा. माझं नाव सांगा, खालची खोली देतील. गाडी इथंच राहील. उद्या येऊ नका, सेन्सर परवाच येणार आहे. आलात तर परवा या, दुपारनंतर, आणि कुणी भेटलं नाही तर बाहेर थांबा. मला आत जायचंय. ह्यांच्याशी बोलायचंय, आणि आमच्या दोघांत तिसरं माणूस नकोय मला.

जाताना तेवढं शटर खाली ओढा. अर्धं नको. पुरतं ओढा.