पलंगावर जागाच नव्हती

तिवस्यातल्या टायरच्या दुकानात मी स्कूटरमध्ये हवा भरायला थांबलो होतो. समोर पलंग आणि शेगडी बसवलेली एक फिरायची व्हॅन उभी होती, मागचं टायर फुटलेलं. गाडीवाले रामराव गयासुद्दीन मिस्त्रीवर तणतणत होते.

“महिन्याखाली तूच बसवून देल्लं हे टायर.”

“टायर चांगलंच होतं, काका. गाडीत काय भरलं?”

“काही नाही. दोघांचे कपडे.”

“अन् तुरीच्या दाळीचे चार कट्टे, भरलेली पोती,” बायको मैनाबाई म्हणाल्या. “पोरीकडं नागपूरले न्याले यायनंच पलंगावर रचले. अन् पाण्याची टाकी काठोकाठ. यायले बाहेरचं पाणी चालत नाही.”

“मंग टायर किती सोसंन, काका? पण काय नेता म्हणून मीबी इचारलं नाही. तेवढं माह्यं चुकलं. आत पाह्यलं काय? फुटलेल्या टायरच्या पट्ट्यानं खालून पत्रा फाडला, वरच्या पलंगाची फळीबी तोडली. काकू कुठं होत्या?”

“समोरच्या सीटवर,” मैनाबाई म्हणाल्या. “आज पलंगावर जागाच नव्हती.”

रामरावांनी आत वाकून त्या तुटलेल्या फळीवर हात फिरवला.

“कट्टे उतरव, गयास. टाकीबी खाली कर.”

“मंग फळी ठोकून घ्या,” मैनाबाई म्हणाल्या. “आता मले मागं आरामात झोपता येईन.”

“नाही. तू समोरच बस, माह्याजवळ.”