वाकलेल्या हॉटेलाखाली

...आणि तेही मीच सांगायचं! म्हणजे पाहा, हॉटेल बांधलं मालकानं, भैयाजींनी, नकाशा काढला बाहेरून आलेल्या आर्किटेक्ट साहेबांनी, काचा बसवल्या कंपनीच्या माणसांनी, आणि अख्ख्या गोंदियाला उत्तर कोणी द्यायचं, तर कैलाशनं. कैलाश म्हणजे मी. नववीत शाळा सोडलेला, शब्दाच्या आधी घाम निघते असा मी. शाळा सोडली तीसुद्धा, तुम्हाला सांगतो, अभ्यासापायी नाही... गुरुजी उभं करून मोठ्यानं वाचायला लावत म्हणून. आणि आता पाहा, दिवसभर उभाच आहे आणि दिवसभर एकच ओळ मोठ्यानं म्हणून राहिलो, "पडत नाही, जी. तसंच बनवलं आहे."

तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. मार्केटात जिथं आधी राइसमिलच्या पट्ट्यांचं आणि चाळण्यांचं दुकान होतं ना, तिथं ते हॉटेल उभं आहे. उभं म्हणजे... तिथंच तर वांधा आहे. सरळ नाही ना ते. अख्खी बिल्डिंग बुडापासून रस्त्यावर वाकलेली, पिवळ्या काचांची, वरच्या मजल्यांना दाण्यांसारख्या फुगीर बाल्कन्या. आर्किटेक्ट साहेबांनी उद्घाटनाला माइकवर सांगितलं की गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, ही धानाची लोंबी आहे, लोंबी भरली की वजनानं वाकते, तशी ही इमारत समृद्धीनं वाकली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता जे मागं सरकले, ते अजून पुढं आले नाहीत.

मग काय, सुरू झालं. कोणी म्हणते, ठेकेदारानं ओळंबा गहाण ठेवून काम केलं. कोणी म्हणते, समोर बँक आहे ना, तिच्यासमोर कर्जासाठी वाकून उभी आहे. एक बाई नातीला सांगत होती की पाहून घे, नवीन सून अशी मान खाली घालून उभी राहते, शिक काही. आणि समोरचा चहाटपरीवाला दुलीचंद, तो तर रोज सकाळी एक डोळा मिटून, विजेच्या खांबाशी बिल्डिंग लावून पाहते आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारते, "काय रे कैलाश, आज कितना झुका?" मी काय म्हणणार? "पडत नाही, जी. तसंच बनवलं आहे."

ऑटोवाले हॉटेलासमोर गाडी लावत नाहीत. "उस पार उतरो" म्हणतात. उस पार उतरलेला पाहुणा बॅग घेऊन वर पाहते, मग मला पाहते, मग परत वर पाहते आणि दुलीचंदला विचारते की दुसरं कोणतं लॉज आहे का इथं. मी यांनी काचा पुसायला ठेवलेला माणूस हो! पण खोल्या रिकाम्या राहिल्या तसं भैयाजींनी मला बोलावलं, खाकी ड्रेस दिला, शिट्टी दिली आणि म्हणाले, "तू नीचे खडा रह. पब्लिक देखेगी की आदमी खडा है, तो बिल्डिंगपे भी भरोसा बैठेगा." म्हणजे ड्युटी काय, तर खाली उभं राहायचं. खुर्ची नाही, कारण बसलेला माणूस घाबरून बसल्यासारखा दिसते. आणि जागेवरून हलायचं नाही. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो, तर समोर बोंब झाली की वॉचमन पळाला, पडते आता! टपरीवरचे लोक कप घेऊन गल्लीत.

आता यात माझं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. काम बरं आहे, पगार वेळेवर आहे. पण तुम्हाला सांगतो, त्या बिल्डिंगची सावली जिथवर पडते ना, तिथवर माणूस येत नाही. सावली फिरते तसे लोकही फिरतात. सकाळी इकडून वळसा, दुपारी तिकडून वळसा. मध्ये मी. आधीच मला बोलता येत नाही, त्यात ज्याला बोलायचं तो रस्त्यापलीकडून ओरडते. गोंदियात आल्यापासून माझ्याजवळ येऊन, हळू आवाजात, कोणी काही विचारलं असेल तर आठवून सांगा... नाहीच ना. कुत्रं येते एक. तेही झोपायला पलीकडे जाते.

संध्याकाळी खोलीवर जातो. भात मांडतो, एकट्यापुरता भात मांडायचा म्हणजे तोही गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाशी कुठंतरी असते. मग गावाहून मायचा फोन येते, आमचं गाव अर्जुनी मोरगावकडं. पहिले माय विचारायची, "जेवला काय बाबू?" आता फोन उचलला की, "काय गा, हाय ना ते बिल्डिंग उभी?" माय वो, पडत नाही, तसंच बनवलं आहे! सख्ख्या मायलासुद्धा तेच. मला सांगायचं राहते की माय, मला इथं करमत नाही. पण ते सांगायच्या आत ती म्हणते, "मंग ठीक हाय," आणि फोन ठेवते.

अशात दुधराममामानं सोयरिक आणली. सालेकशाकडची पोरगी, दुर्गेश्वरी. मी पाहायला गेलो होतो. पोहे आले, चहा आला, मोठ्यांनी पाऊसपाणी केलं, मी चटईच्या काड्या मोजून राहिलो. शेवटी आम्हाला दोघांना परसात उभं केलं, तर तीच म्हणाली, "तुम्ही बोलत नाही काय?" मी म्हटलं, "बोलतो." झालं. एवढंच बोललो. पण ती हसली हो. वाईट नाही हसली. घरी येईपर्यंत गाडीत मला बोलायच्या इतक्या गोष्टी सुचल्या की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला, बहुतेक माझे ओठ हलत होते.

तर निरोप आला की पोरगा आवडला, पण पोराचं काम पाहू. आमच्याकडं ती पद्धतच आहे. पोरगी द्यायची तर पोराची बांधी, म्हणजे धानाचं वावर, पाहून येतात, बैल पाहून येतात. मला बांधी नाही, बैल नाही, मग काय पाहणार, तर हॉटेल. मी म्हटलं, येऊ द्या. या वेळी बोलायचंच. काय बोलायचं तेही ठरवलं. रोज सकाळी काच पुसताना काचेतल्या मला म्हणून पाहत होतो, "मला इथं एकट्याला करमत नाही. तुम्ही आल्या तर करमेल." एवढंच. तुम्हाला सोपं वाटत असेल...

आले. सालेकशाहून गाडीनं आले, दुर्गेश्वरी, तिचे वडील सुकराम आणि तिची आत्या वच्छला. ऑटोवाल्यानं कुठं उतरवलं असेल? उस पार. दुलीचंदच्या टपरीसमोर. मी हात जोडले. त्यांनीही तिकडून जोडले. मी म्हटलं, आता येतील. ते वर पाहून राहिले. मी म्हटलं, आता येतील. दुलीचंदनं त्यांना चहा दिला. आता मी जायचं ना? पण माझा पाय उचलला की इकडं बोंब, आणि भैयाजी वरच्या काचेतून पाहून राहिलेले. तर तुम्हाला सांगतो, दुनियेत कोणाचं झालं नसेल, माझी सोयरिक भर मार्केटात रस्त्याच्या दोन काठांवरून सुरू झाली.

सुकरामजी तिकडून विचारतात, "शेती किती म्हनाले?" मध्ये ट्रक. मी ओरडतो, "नाही, जी, शेती भावाकडं." दुलीचंद त्यांना समजावून सांगते, "बोलता है, भाई ने दबा ली." अरे कधी म्हटलं मी? वच्छलाआत्या विचारते, "दारू गिरू?" मी ओरडतो, "नाही, जी!" मध्ये हॉर्न. टपरीवरचा एक म्हणते, "नाही नाही, चांगला पोरगा आहे, बिल्डिंग पिते, हा पीत नाही." सगळे हसले. दुर्गेश्वरीही हसली. मला घाम.

मग सुकरामजींनी हात वर करून बिल्डिंग दाखवली. आता पाहा, माणूस जन्माचा धानवाला. मी साहेबांचं माइकवरचं भाषण जमेल तसं ओरडून सांगितलं, की लोंबी आहे, जी, भरली म्हणून वाकली आहे. सुकरामजींनी मान तिरपी केली, पाहिलं, आणि हळूच म्हणाले. पण अख्खी टपरी गप्प झाली होती म्हणून मलाही ऐकू आलं.

"लोंबी शेंड्याले वाकते, बाबू. बुडापासून वाकलं तं ते लोळलेलं धान. त्याच्याखाली काही राहत नाही."

टपरीवर सगळे धानवाल्यांच्याच घरचे. सगळ्यांनी माना हलवल्या. एकानं तर टोपी काढली, कोणी गेल्यासारखी. आणि पाहुण्यांनी बिल्डिंग पाहिली तशीच, त्याच नजरेनं, मला पाहिलं. म्हणजे नापास झालं हॉटेल, आणि निकाल माझा!

आणि मग... मग दुर्गेश्वरीनं कप ठेवला आणि रस्ता ओलांडला. एकटीनं. आत्या मागून "वो, वो" करून राहिली, ऑटो थांबला, सायकलवाला थांबला, ती पिवळी साडी सावरत सरळ आली ते सावलीच्या आत, माझ्याजवळ. इतक्या जवळ कोणी उभं राहिलंच नव्हतं ना, मला कळेना हात कुठं ठेवायचे. शिट्टी धरली. ती हळू आवाजात म्हणाली,

"दिवसभर एकटेच राहता इथं?"

तुम्हाला सांगतो, हेच. हेच कोणी विचारावं म्हणून मी इतके दिवस उभा होतो. वाक्य तयार होतं, काचेसमोर म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे?

"पडत नाही, जी. तसंच बनवलं आहे."

ती म्हणाली, "मी हॉटेलचं नाही विचारलं." आता तरी बोलावं की नाही माणसानं? मी मान हलवली. नुसती मान. ती थोडा वेळ थांबली, खरंच थांबली, घाई केली नाही तिनं... मग तिकडून सुकरामजींनी गाडीची वेळ झाली म्हणून हाक मारली. ती गेली. जाताना वर नाही पाहिलं. सगळं गोंदिया वर पाहते, ती माझ्याकडं पाहून गेली, आणि मी कुठं पाहत होतो? मी वर पाहत होतो. लाजेनं.

चार दिवसांनी दुधराममामाचा फोन. नाही म्हणाले. मी विचारलं, हॉटेलापायी का? मामा म्हणाला, नाही गा, बापानं हॉटेल मनातून काढलं होतं, पोरीनं समजावलं होतं त्याला. पोरगीच म्हणाली, माणूस चांगला आहे, पण त्याच्या मनात काय आहे ते विचारलं तरी सांगत नाही, जन्मभर मी किती विचारू? बरोबर आहे तिचं. मी मामालाही तेच म्हटलं, बरोबर आहे. तेवढं मात्र पटकन बोललो.

वाटलं, काम सोडावं. गेलो भैयाजींकडं. मी काही बोलायच्या आधीच ते खूश. म्हणाले, "कैलाश, कमाल हो गया! उस दिन वो पीली साडीवाली तेरे बाजू में खडी थी ना, उसके बाद छे लोग रोड क्रॉस करके अंदर आए. अकेला आदमी खडा हो तो पब्लिक को लगता है मजबूरी है. दो खडे हों तो भरोसा बैठता है." म्हणाले, मी तुझ्या जोडीला कोणीतरी ठेवतो. मी म्हटलं... नाही म्हटलं काही, पण मनात म्हटलं, चला. कोणीतरी येईल. बोलायला होईल. राजीनामा तसाच पोटात ठेवून खाली आलो.

दुसऱ्या आठवड्यात टेम्पोतून आली ती. फायबरची बाई. हात जोडलेली, कपाळाला मोठं कुंकू, आणि भैयाजींनी आठवणीनं पिवळीच साडी नेसवलेली. माझ्या बाजूला उभी केली. आता आम्ही दोघं असतो. सकाळी काचा पुसतो तेव्हा तिचंही तोंड पुसतो, धूळ फार बसते मार्केटात. कोणी नसलं की बोलतोही थोडं. तिच्याशी अडखळत नाही मी, खोटं कशाला सांगू. ते करमत नाही वालं वाक्य पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, एका दमात.

परवा एक म्हातारी पलीकडं ऑटोतून उतरली. डोळ्यांना कमी दिसत असावं. वर नाही पाहिलं तिनं, समोरच पाहिलं. बराच वेळ पाहिलं आणि हात वर करून ओरडली, "जोडा चांगला दिसते गा, बाबू! पर बायकोले सावलीत उभी कर जरासी, दिवसभर ऊन लागते तिले!"

मी काय करणार... थोडी सरकवली.