एकोणनव्वद किलो सहाशे ग्रॅम

...आणि वर लोक मलाच सांगतात, "साहेब, जरा कमी खात जा!" मला! अहो, तुम्हाला सांगतो, कमी खावं आणि जास्त चालावं, हे ज्याला ठाऊक नाही असा एक तरी जाडा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो... म्हणजे वाकता आलं तर पडतो. एका बिस्किटाला किती मिनिटं चालावं लागतं, विचारा मला. अकरा. लोणी लावलेल्या पावाच्या तुकड्याला? सव्वीस. आणि तोच पाव उभ्याउभ्या खाल्ला तर? सव्वीसच! उभं राहून खाल्लेलं अंगी लागत नाही असं एक शास्त्र आमच्या घरात होतं, ते मी महिनाभर मनापासून पाळलं, साफ खोटं आहे. माहीत सगळं आहे हो! माहीत असण्यानं वजन उतरत असतं ना, तर मी आत्ता तुम्हाला दिसलोसुद्धा नसतो.

त्यात माझा धंदा काय, तर वजन! मी वजनमापांचा निरीक्षक. दुकानादुकानांतून जायचं, काटे तपासायचे, बरोबर असेल त्याला यंदाच्या सालाचा शिक्का मारायचा, चुकीचा असेल तो बंद करायचा. तीस वर्षं झाली. मी नुसता दारात उभा राहिलो की खाटकाचा हात तराजूवरून आपोआप खाली येतो. आणि गंमत बघा, तो खाटीक माझ्याकडे बघतो, मग माझ्या पोटाकडे बघतो, आणि त्याच्या तोंडावर लिहिलेलं मला स्पष्ट वाचता येतं... हा आलाय माझं वजन तपासायला! बरं, तपासणीच्या जागी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा माझा नेम. म्हणजे दिवसभर कडकडीत उपास. मग वजन कमी व्हायला नको? पण तो दिवसभराचा उपास संध्याकाळी सहाला आमच्या स्वयंपाकघरात सुटतो ना, तो कसा सुटतो ते विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, असू दे की वजन, कुणाचं काय बिघडतंय? माझंही हेच म्हणणं होतं. पण आमची मुलगी! लाडानं नाव ठेवलं चिमणी, आणि ती खरंच गेली विमान उडवायला शिकायला! अगदी छोटं, दोन खुर्च्यांचं विमान, एकीत चालवणारा, दुसरीत एक पाहुणा, बस्स. सात वर्षांची असताना माझ्या मांडीवर बसून म्हणाली होती, "बाबा, मी विमान चालवीन तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला बसवीन." मी म्हटलं, बसव. माझं काय जात होतं? तेव्हा मी बहात्तर किलोचा होतो! आणि या वर्षी पोरगी घरी आली, परवाना टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, चार महिन्यांनी, रविवारी सकाळी. माझे पहिले प्रवासी तुम्ही. फक्त एकच... त्या खुर्चीला नव्वद किलोची मर्यादा आहे." आणि मी त्या दिवशी होतो एकशे एक! तुम्हाला सांगतो, पहिला प्रवासी एकदाच असतो. दुसरा होता येतं, तिसरा होता येतं, पण ती पहिली फेरी हुकली की जन्मभर हुकली. तिनं ते इतकं सहज सांगितलं, पण माझा घास तोंडातच राहिला. लोण्याचा होता.

झालं, लागलो कामाला. डॉक्टरांकडे गेलो. ते बोलतात असे हळू... की वाक्य संपेपर्यंत... माणसाला पुन्हा भूक लागावी. "रात्रीचं... जेवण... हलकं... ठेवा." अहो, माहीत सगळं आहे हो! मग व्यायामशाळा. तिथला शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा, दंड माझ्या मांडीएवढे. मी उठाबशा काढतोय आणि हा मोजतोय, "सात, आठ, नऊ, नऊ, नऊ... साहेब, कंबर खाली, नऊ!" मी उठलोच! म्हटलं, थांब. नऊ किती वेळा झाले? तीस वर्षं लोकांची मापं तपासतोय मी, माझ्यासमोर मापात खोट? तो म्हणाला, नीट झालेलीच मोजतो. मी म्हटलं, मला घाम नीट न झालेल्यांचाही आलाय, तो कोण मोजणार? आजूबाजूचे सगळे व्यायाम सोडून बघायला लागले. पण मी त्याला पहिल्यापासून मोजायला लावलं, आणि मग लक्षात आलं, की पहिल्यापासून म्हणजे मलाच पुन्हा पहिल्यापासून!

आणि घरी तर विचारूच नका. घरी मी ग्रॅमचा काटा आणला. चीज खायचं तर तीस ग्रॅम, जास्त नाही. एकदा तुकडा कापला, काट्यावर ठेवला, चौतीस ग्रॅम. चार ग्रॅम जास्त! म्हणून चार ग्रॅम कापून तोंडात टाकले. आता अठ्ठावीसच भरले, म्हणजे हात जरा जोरात पडला होता. दोन कमी. मग मोठ्या वडीतून दोन कापायला गेलो, ते निघाले सात. त्यातले पाच खाल्ले. आता वडी एका बाजूनं वाकडी दिसायला लागली, आणि वाकडं माप माझ्या डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून ती बाजू सरळ केली, आणि ती सरळ करताना दुसरी... तुम्हाला सांगतो, अर्ध्या तासानं आमची ही स्वयंपाकघरात आली तेव्हा काट्यावर अगदी काटेकोर तीस ग्रॅमचा तुकडा होता आणि वडी संपलेली होती. ही म्हणाली, "अहो, हा तीस ग्रॅमचा कुणाला ठेवलाय?" म्हटलं, मला, आहाराप्रमाणे.

आणि समोर कोण बसलेलं, तर आमचे मेव्हणे. म्हणजे हिचा भाऊ. अंगानं काडी, आणि खाणं? सकाळी सहा अंडी, वर पाव, वर मुरंबा, आणि पोट ढिम्म हलत नाही! बोटं चाटत मलाच म्हणतात, "भावोजी, काळजी करू नका, तुमचं नाही जमलं तर पोरीबरोबर मी जाईन की." मी जाईन की! माझ्या मुलीचा पहिला प्रवासी हा मुरंबा! त्या दिवसापासून मी पेटलो. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, मी वळवायचं ठरवलं. रोज पहाटे चाललो, साखर सोडली, लोणी सोडलं, शेजारच्या बेकरीवरून जाताना श्वास धरायला लागलो. शंभर झालं, सत्त्याण्णव झालं, चौऱ्याण्णव झालं... आणि चौऱ्याण्णवावर काटा असा रुसून बसला, की तीन आठवडे हलेचना. शेवटी हलला. ठरलेल्या रविवारी सकाळी घरच्या काट्यावर उभा राहिलो, अंगावर फक्त लज्जेपुरतं, तर ब्याण्णव किलो चारशे. आणि घरचा काटा बरोबर की चूक, हे मला कोण सांगणार? मीच तपासलेला!

तुम्हाला खोटं सांगत नाही, मी न्हाणीघरात पाटावर बसून रडलो. साडेआठ किलो कमी करून रडणारा मी पहिलाच असेन. ठरवलं, पोरीला जाऊन सरळ सांगायचं, बाई, तुझ्या बापाला नाही जमलं.

गेलो. ही आणि मेव्हणे बरोबर. गावाबाहेर गवताचं मैदान, मधोमध धावपट्टी, कडेला पत्र्याची मोठी शेड, शेडीत ते एवढंसं पांढरं विमान आणि दारात एक सपाट काटा. तिथले कॅप्टन म्हणजे चिमणीचे गुरू, जाड मिशांचे, दिलदार माणूस. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "या, या, प्रवासी! चढा काट्यावर." मी डोळे मिटले, चढलो, बुटांसकट, पँटसकट... आणि कॅप्टन ओरडले, "एकोणनव्वद सहाशे! पास!"

टाळ्या हो! ही टाळ्या वाजवतेय, मेव्हण्यांचं तोंड लांब झालंय, आणि चिमणीनं पळत येऊन मला मिठी मारली. कानात म्हणाली, "बाबा, मला वाटलं होतं नाही जमणार." तिचा आवाज ओला झाला होता. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असतात! मीही बसलो. मनात म्हटलं, गाडीत एवढा घाम आला, त्यात गेले असतील. तीन किलो घाम? आणि कपडे चढवल्यावर वजन उतरतं? माहीत सगळं आहे हो! पण एखादवेळी माहीत नसल्यासारखं करावंसं वाटतं की नाही माणसाला?

तसाच विमानापर्यंत गेलो. पट्टा बांधायला घेतला. आणि पोरगी खुर्चीत बसून एक कागद भरायला लागली. तेल इतकं, वारा इतका, चालक सत्तावन्न, प्रवासी एकोणनव्वद पॉइंट सहा. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "याच्यावरूनच हिशेब करायचा ना, बाबा, किती धावल्यावर उचलायचं." आणि तिनं माझा आकडा खाली ओढून बेरीज मांडली. छान, गोल अक्षरात. माझ्यावर विश्वास ठेवून. तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत मी पुष्कळ खोटी वजनं पाहिलीत, पण ती दुसऱ्यांची होती. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "थांब. त्या काट्यावरचा शिक्का बघून येतो."

बघितला. चार वर्षांपूर्वीचा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गाडीच्या डिकीत माझी सरकारी वजनं कायम असतात, वीसवीस किलोची चार. माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी एकेक आणली, मांडली. खरे ऐंशी किलो. काटा म्हणाला, सत्त्याहत्तर. मेव्हणे एकदम ताजेतवाने झाले. कॅप्टन म्हणाले, "जाऊ द्या हो, तीन किलोनं काय होतंय!" तीन किलोनं काय होतंय? अहो, हे वाक्य तीस वर्षं मला प्रत्येक दुकानदार ऐकवत आलाय, फक्त ग्रॅममध्ये! म्हटलं, साहेब, इथून रोज कुणाच्या ना कुणाच्या पोरी वर जातात. काटा बंद. आणि खिशातून चिठ्ठी काढून, तारीख घालून, सही करून, चिकटवली की नाही मी स्वतःच्या हातानं!

चिमणी माझ्याकडे बघत उभी. म्हटलं, आता रागावेल. तिनं कागदावरचा आकडा खोडला, माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तुम्हाला घेऊन गेले असते." म्हटलं, म्हणून तर सांगितलं. 

कॅप्टन म्हणाले, वेळ चाललीय, दुसरं कुणी आहे का? सगळे मेव्हण्यांकडे वळले. तर ते मेव्हणे, चार महिने "मी जाईन की" म्हणणारे, ते विमानाच्या नाकावरच्या पंख्याकडे बघून असे पांढरे पडले! म्हणाले, "मी... सकाळी... अंडी जरा जास्त..." आणि शेडीमागे गेले. आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, आमच्या हिनं पदर खोचला, पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मी जाते." आयुष्यात हिनं कधी जत्रेतल्या पाळण्यात बसते म्हटलं नाही! वजन घरच्या काट्यावरचं, चौसष्ट. बसली, पट्टा बांधला, माझ्याकडे वळूनही न बघता गेली. ते विमान धावलं, उचललं, झाडांवरून गेलं, आणि मी खाली, हातात पर्स, मान वर, डोळ्यांत पाणी. वाईट वाटलं का? वाटलं. चार महिने उपाशी मी, आणि वर गेली ही!

वीस मिनिटांनी उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल, वीस वर्षांची पोर दिसत होती. मी पुढे झालो, म्हटलं, काय गं, काय दिसलं? हसली, दोन बोटांत तांदळाचा दाणा धरल्यासारखं करून दाखवलं आणि म्हणाली, "अहो, वरून तुम्ही एवढेसे दिसत होतात!"

चार महिने, शेकडो किलोमीटर चालणं, आणि चीजशिवायचा पाव... तेव्हा कुठं एका माणसाला मी एवढासा दिसलो. तेही दोन हजार फुटांवरून!