गाडीची तब्येत

सीवूड्सच्या चार्जिंग स्टेशनवर माझ्या शेजारी दिवाळे गावची एक मासळीवाली आणि तिची लेक एका साहेबांची जुनी इलेक्ट्रिक गाडी बघत होत्या.

“शंबर टक्के दाखवते ना, जाई? मंग घेऊन टाकू.”

“आई, ते चार्जिंग. हंडा भरलाय, एवढंच कळलं. हंडा आतून केवढा उरलाय, ते ॲप सांगेल. साहेब, स्टेअरिंगखाली हे छोटं यंत्र लावू? बॅटरीची तब्येत फोनवर येते.”

“कशाला? गाडी झकास आहे. सांगितलं ना!”

“नको गं. साहेब नाय म्हनतान.”

“आणि पहाटे वाशीच्या पुलावर बंद पडली तर? बर्फ वितळला की मासळी गेली.”

“सुंदराबाई, दहा वर्षं तुमच्याकडून पापलेट नेतोय. ताजं आहे का, कल्ले लाल आहेत का, कधी उघडून बघितलं मी? विश्वास म्हणून काही असतो की नाही?”

“खरा हाय. कदीच नाय बघितला.”

“मग?”

“मंग काय, साहेब... कालचा माल तुमच्याच पिशवीत जायचा.”

साहेबांनी गाडीचं दार उघडून दिलं.

“लाव गं पोरी, तुझं यंत्र.”

“थांबा हं... जोडतंय... एकोणनव्वद टक्के! आई, तब्येत छान आहे.”

“एकोणनव्वद? बघू, बघू. मलाही दाखव. चार वर्षं चालवतोय, मलाच माहीत नव्हतं!”

“घेतली गाडी, साहेब.”

“आणि आता पापलेट घेताना मी कल्ले उघडून बघणार हं, बाई.”

“नाय, साहेब. आता मीच उघडून दाखवीन.”