केसांना चक्रवाढ नसते

थोरली : मान हलवू नकोस, कान कापला जाईल.

धाकटा : ताई, सही करतेस की नाही तेवढं सांग. उद्या सकाळी भागीदार येतोय.

थोरली : अट काय म्हणालास?

धाकटा : कितीदा सांगू? पैसे तो घालणार, आपण अजून दोन सलून काढायची. कमाई दरवर्षी वीस टक्क्यांनी वाढली पाहिजे. नाही वाढली तर हे दुकान त्याचं. पण वाढेल गं. शंभराचे एकशेवीस, त्यात काय एवढं?

थोरली : आणि पुढच्या वर्षी त्या एकशेवीसवर वीस टक्के. चक्रवाढ आहे ती. चार वर्षांत किती?

धाकटा : दुप्पट.

थोरली : आठ वर्षांत चौपट. आणि विसाव्या वर्षी?

धाकटा : थांब जरा... बत्तीसपट. वर थोडं.

थोरली : एवढी डोकी आणायची कुठून? अख्ख्या गावाने दर आठवड्याला येऊन बसायचं का? टकल्यांनीसुद्धा?

धाकटा : हसू नकोस. भाव वाढवता येतात. तेलं, साबण विकता येतात.

थोरली : येतात की. काही वर्षं निभेलही. पण केस महिन्याला अर्धा इंचच वाढतात, बाबा. गेल्या महिन्यात वाढले म्हणून या महिन्यात दामदुप्पट येत नाहीत.

धाकटा : तुझं बरंय. दुकान तुझं आहे. मला आता पोर होईल, आणि दारात आलेला जो तो विचारतो, ताई आहेत का? मी समोर उभा असतो, तरी.

(कात्री थांबते.)

थोरली : हे होय. मला वाटलं, पैशाचंच खूळ शिरलंय डोक्यात.

धाकटा : पैसा कुणाला नकोय? पण झोप त्याने नाही उडालेली.

थोरली : मग ऐक. खिडकीजवळची माझी खुर्ची तुझी. दुकान निम्मं तुझ्या नावावर. शेजारचा गाळा रिकामा होतोय, तो आपल्या शिलकीतून घेऊ. तेवढं वाढायचं, आणि मग नीट चालवायचं.

धाकटा : भागीदाराला काय सांगू?

थोरली : बसा म्हणावं, केस कापून देतो.

धाकटा : माझ्याकडे बसेल कोण? तू तरी कधी बसलीस? आरशात बघून स्वतःचे स्वतः कापतेस, मागून वाकडेतिकडे.

थोरली : झाले तुझे. ऊठ, ते केस झटक.

धाकटा : आता कुठे निघालीस?

थोरली : कुठे नाही. ते कापड बांध इकडे. मागचे जरा सरळ करून दे.